झरबासऱ्याची सर्दी

कोणत्याही सजीवाच्या भरभराटीचा काळ तो नाहीसा होऊ लागल्यावरच सुरू होतो. जोवर तो मुबलक असतो तोवर त्याला काळं कुत्रंही विचारत नाही. कावळ्याच्या नावाने आजवर एखादी साधी उपसमिती नेमली गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. चिमण्यांचीही पूर्वी हीच गत होती; पण त्यांनी वेळीच कमी व्हायला सुरुवात केली, आणि आज त्यांच्यावर भाषणं होतात, शाळाशाळांतून त्यांची चित्रं काढली जातात. कावळ्याने यातून बोध घ्यायला हरकत नाही.

झरबासऱ्याने तो घेतला. झरबासऱ्या हा दाट, दमट जंगलात ओढ्याकाठी राहणारा मुठीएवढा पक्षी. अंगाचा रंग शेवाळलेल्या दगडासारखा, गळ्याखाली विटकरी पट्टा. दिवसभर तो पालापाचोळा उलटापालटा करून किडे शोधतो (आमच्या कार्यालयातही जुन्या फायलींच्या बाबतीत हेच करावं लागतं, फक्त किडे शोधावे लागत नाहीत). दिसायला यथातथाच. पण पहाटे नर गायला लागला की माणूस जागच्या जागी थांबतो. मीही एकदा थांबलो होतो. गाडी पंक्चर झाली होती हे खरं, पण चाक बदलून झाल्यावरही मी काही वेळ थांबलो होतो.

पुढे त्या जंगलातून रस्ता गेला. रस्त्याच्या कडेला विश्रामगृह आलं, विश्रामगृहाच्या टाकीसाठी ओढ्याला नळ जोडला गेला, पाहुण्यांना ओढा नीट दिसावा म्हणून मधली झाडी विरळ केली गेली, आणि झरबासऱ्या कमी होऊ लागला. ही प्रगती लक्षात येताच त्याच्यासाठी स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. त्याचं पूर्ण नाव 'घटत्या गायक पक्ष्यांच्या संवर्धन, संनियंत्रण व समन्वयाचा कक्ष'. नावात घटत्या पक्ष्यांचं अनेकवचन आहे. पक्षी एकच आहे. बाकीचे यथावकाश घटतील अशी अपेक्षा आहे.

कक्षाचं कार्यालय जंगलापासून सुरक्षित अंतरावर, शहरात, वजनमापं तपासणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर आहे. आत शिरताच समोरच्या भिंतीवर झरबासऱ्याचं भव्य चित्र दिसतं. चित्रातला पक्षी निळा आहे. रंगाऱ्याचं म्हणणं पडलं की शेवाळी रंग भिंतीवर ओल आल्यासारखा दिसेल, आणि ते सर्वांना पटलं. चित्राखाली लोखंडी कपाट आहे, त्याचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. खिडकीबाहेर एसीच्या मागे एका कबुतराने घरटं केलं होतं. संवर्धनाच्या कामात व्यत्यय येतो म्हणून ते काढून टाकावं लागलं.

कक्षाच्या प्रमुख संचालकबाई. बाई अतिशय हुशार, आणि हे मी त्या माझा वार्षिक शेरा लिहितात म्हणून म्हणत नाही (फक्त म्हणून म्हणत नाही). त्यांनी पहिल्याच बैठकीत आम्हाला संवर्धनाचं मर्म सांगितलं. दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघा, पक्षी संपला तर आपला कक्ष संपला. आणि पक्षी वाढला, तरी आपला कक्ष संपलाच. तेव्हा पक्षी घटत राहिला पाहिजे, पण दमादमाने." इतकं नितळ विवेचन मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तेव्हापासून आमचं सगळं धोरण या दमावर चालतं.

मी या कक्षाचा प्रसिद्धी अधिकारी. माझी सख्खी धाकटी बहीण याच कक्षात संशोधक आहे. तिला घरी सगळे धाकटी म्हणतात आणि माझ्या तोंडून ऐकून कार्यालयातही तेच नाव रुळलं. आमच्या दोघांच्या कामांत फरक इतकाच, की पक्षी कसा जगतो हे ती बघते आणि तो जगतो आहे असं मी कळवतो. वर्षातला निम्मा काळ ती त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला, घळीत, एका पत्र्याच्या खोलीत काढते. तिथे एक म्हातारा नर होता. त्याच्या मागावर तिने इतक्या सकाळी घालवल्या की आई म्हणायची, "एवढी वाट एखाद्या माणसाची पाहिली असतीस तर आत्तापर्यंत संसार थाटून झाला असता." यावर धाकटी म्हणायची, "माणसं काय, कुठेही मिळतात."

एका पहाटे तो नर तिच्यासमोर, अगदी हाताच्या अंतरावर येऊन पूर्ण गायला. तिने ते टिपलं. झरबासऱ्याच्या संपूर्ण गाण्याचं ते एकमेव रेकॉर्डिंग. गाणं संपल्या संपल्या तिला शिंक आली. कुजलेल्या पाल्याचा वास नाकात गेला की तिला लहानपणापासून शिंका येतात, त्यातून आनंद झालेला. आणि पक्षी दचकेल म्हणून तिने ती अर्ध्यावर दाबली. त्यामुळे रेकॉर्डिंगच्या शेवटी एक बारीकशी 'फ्छिक्' राहून गेली. रेकॉर्डिंग माझ्या हाती देताना तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "दादा, शेवटचं तेवढं कापून टाक हं." मी तसा प्रस्ताव पाठवलाही. तांत्रिक विभागाने उत्तर दिलं की मूळ नोंदीत फेरफार करणं हा गुन्हा आहे. नियम म्हणजे नियम. मग मी ते गाणं शिंकेसकट रिंगटोन म्हणून जनतेला अर्पण केलं.

'फोन वाजवा, पक्षी वाचवा' ही घोषणा माझी. ती इतकी गाजेल असं मलाही वाटलं नव्हतं. बघता बघता दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, जिकडेतिकडे झरबासऱ्या गाऊ लागला आणि शिंकू लागला. जंगलात दर हजार एकरांमागे पक्षी किती, याचा आकडा पूर्णांकात येत नव्हता; पण शहरात दर शंभर खिशांमागे तो एकसष्ट इतका भरला. मी अहवालात खिशाची नोंद 'पर्यायी अधिवास' अशी केली. बाईंनी त्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

आमच्या आईच्या फोनवरही मीच ते गाणं घालून दिलं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा ती कणीक मळत होती. पिठाचे हात तसेच धरून ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "अरे, ही तर आपल्या धाकटीची शिंक. अर्धीच शिंकते बघ पहिल्यापासून." मी म्हटलं, "आई, हा दुर्मीळ पक्षी आहे." ती म्हणाली, "पक्षी असेल रे. शिंक आपली आहे." वय झालं की माणसं ठाम होतात.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी धाकटी घळीतून थेट कार्यालयात आली. बुटांना चिखल, केसांत काटक्या. संचालकबाईंच्या टेबलावर तिने अर्ज ठेवला. 'विषय: एका विणीच्या हंगामापुरती शांतता मिळणेबाबत.'

तिचं म्हणणं थोडक्यात असं. झरबासऱ्याचा नर गातो तो करमणूक म्हणून नाही. 'ओढ्याचा हा तुकडा माझा आहे' असं तो सांगत असतो. दुसऱ्या नराचं गाणं कानावर पडलं की आधी तो चवताळून उत्तर देतो, त्याला शोधत उघड्यावर येतो. शोधूनही तो सापडत नाही आणि गाणं काही थांबत नाही, तेव्हा आपल्यापेक्षा जबरदस्त कुणीतरी इथे आलंय असं समजून तो गप्प होतो, आणि मग जागा सोडून जातो. गप्प नराजवळ मादी राहत नाही. पिल्लू जन्माला आलंच, तरी बापाचं ऐकून गाणं शिकायचं असतं; बाप गप्प, तर पिल्लू काय शिकणार? आणि आता विश्रामगृहावर येणारा प्रत्येक जण पक्षी बाहेर यावा म्हणून फोनवर तेच गाणं वाजवतो आहे.

"म्हातारा दमलाय, बाई," धाकटी म्हणाली. "सकाळपासून नुसता धावतोय, या काठावरून त्या काठावर. पण मादी आहे अजून, घरटंही बांधलंय. एक हंगाम त्यांना कुणी छेडलं नाही ना, तर पिल्लं निघतील आणि नीट शिकतील. घळीत फोन नको, भोंगे नकोत, माणसं नकोत. मला दुसरं काहीच नको."

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या हळव्या झाल्या की असं करतात. "तुझी कळकळ कळते गं मला. पण शांततेचं उद्घाटन कसं करायचं?"

"उद्घाटन नाही करायचं. नुसतं गप्प बसायचं."

"कुणी?"

"सगळ्यांनी."

"बरं, बसले सगळे गप्प. मग काम झालं हे दाखवायचं कशात? फोटो काढला तर त्यात गप्प बसलेली माणसं दिसणार." बाईंनी काचेपलीकडच्या हॉलकडे बोट दाखवलं. "तशी ती आत्ताही दिसतायत."

तरीही बाईंनी अर्ज फेटाळला नाही. त्याला तत्त्वतः मान्यता दिली. (तत्त्वतः मान्यता म्हणजे नकारच असतो, फक्त तो चहा पाजून दिलेला असतो.) शिवाय घळीच्या तोंडाशी 'शांतता क्षेत्र' असा ठळक फलक लावण्याचे आदेश निघाले. फलकाचे खांब खडकात रोवायचे असल्याने जनरेटर नेऊन ड्रिल चालवावं लागलं, आणि खडक जरा चिवट निघाला. फलक मात्र देखणा झाला. त्यावरही पक्षी निळा आहे.

याच सुमारास पंचवार्षिक गणना आली. गणनेची पद्धत पूर्णपणे शास्त्रशुद्ध होती. प्रत्येक टेकाडावर एक पथक बसवायचं. पथकाने भोंग्यातून झरबासऱ्याचं गाणं वाजवायचं (रेकॉर्डिंग अर्थात धाकटीचं, दुसरं आहेच कुठे), मग कानोसा घ्यायचा, आणि जितकी उत्तरं येतील तितके पक्षी मांडायचे. गाण्याला गाण्याने उत्तर देणं हा नराचा स्वभावच. मागच्या खेपेला एकच पथक सगळीकडे हिंडलं होतं, त्यामुळे तोच तो पक्षी दोनदा मोजला गेल्याचा आक्षेप आला होता. तसं पुन्हा होऊ नये म्हणून या वेळी सगळी पथकं सगळ्या टेकाडांवर एकाच वेळी बसवायची, ही सूचना खुद्द बाईंची.

निकाल पाहून सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. झरबासऱ्यांची संख्या चौदाशे टक्क्यांनी वाढली होती. प्रत्येक टेकाडावर चहूबाजूंनी उत्तरं आली होती. झाडं तोडून बोडक्या झालेल्या टेकाडावर सर्वांत जास्त पक्षी ऐकू आले, त्यावरून 'झरबासऱ्या वृक्षहीन उंचवटे पसंत करतो' असा एक नवा निष्कर्षही हाती लागला. (तो आता वृक्षतोडीच्या प्रस्तावांना जोडला जातो.)

संचालकबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "वाढ?" त्या म्हणाल्या. "वाढ झालीच कशी? कुणाला विचारून?" वाढ म्हणजे उद्देश सफल, उद्देश सफल म्हणजे कक्ष बंद. मी तर मनातल्या मनात खालच्या मजल्यावर, वजनं तपासायला जाऊनही बसलो. पण बाई त्या बाईच. त्यांनी तक्ते पुन्हा चाळायला घेतले आणि शेऱ्याच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. पहिल्या पथकाने लिहिलं होतं, 'गाण्यानंतर पक्षी शिंकला.' दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्यानेही. बाईंच्या जिवात जीव आला. संध्याकाळपर्यंत अहवालाचे ठळक निष्कर्ष तयार झाले. ते असे:

१. संख्या वाढली आहे, ही चिंतेची बाब आहे.

२. सर्व पक्षी शिंकत आहेत, ही समाधानाची बाब आहे. (ही दोन वाक्यं टंकलेखनात उलटसुलट झाली असं नंतर कुणीतरी म्हणालं, पण दुरुस्तीचा आग्रह कुणीच धरला नाही.)

३. सर्व पक्षी गाण्यात एकाच ठिकाणी आणि एकसारखे अर्धवट शिंकतात. सबब रोग एकच असून साथ सर्वदूर आहे.

४. निरोगी पक्षी आढळला नाही. घळीजवळच्या पथकाने न शिंकणारा एक नर ऐकल्याचं कळवलं होतं; तथापि त्याचं गाणं क्षीण, तुटक आणि नमुन्याशी न जुळणारं असल्याने तो गणनेतून वगळण्यात आला.

कक्ष वाचला. नुसता वाचला नाही, त्याला आरोग्य शाखा जोडून मिळाली. शाखेवर एक ज्येष्ठ पशुवैद्य आले. त्यांची सगळी हयात गाईम्हशींत गेलेली. पण शिंक ती शिंक, तिला जात नसते, असं त्यांचं मत होतं. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं, आपल्या स्वतःच्या नाकाला हात लावला आणि वाफ सुचवली. त्याप्रमाणे ओढ्याच्या दोन्ही काठांना वाफारा देणारी यंत्रं बसली. ज्या जंगलात वाळत घातलेला रुमाल चार दिवस ओला राहतो, त्या जंगलाला आम्ही वाफ दिली. यंत्रांची घरघर थोडी होत असे, पण औषध म्हटलं की कडू असायचंच.

आणि मग धाकटी आली. या खेपेला तिने बूटही झटकले नाहीत. बैठक चालू होती. ती सरळ आत शिरली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "तुम्ही पक्षी मोजलेच नाहीत. तुम्ही एकमेकांचे भोंगे मोजलेत. या टेकाडावरच्या पथकाने त्या टेकाडाचा भोंगा मोजला, त्या पथकाने याचा. आणि ती शिंक माझी आहे."

बैठकीत शांतता पसरली. (तिने मागितलेल्या शांततेपैकी तिला मिळालेली ही एवढीच.)

"तुझी आहे कशावरून?" पशुवैद्यांनी सौम्यपणे विचारलं.

"आमच्या आईला विचारा."

"आईंची साक्ष शास्त्रात धरत नाहीत," बाई म्हणाल्या. "शिंकून दाखव."

आता शिंक ही सांगून येणारी गोष्ट नाही. धाकटी नाक चोळत उभी राहिली, खिडकीकडे बघून झालं, दिव्याकडे बघून झालं. शिंक काही येईना. शेवटी शिपाईमामांना तिची दया आली. त्यांनी कपाटाला लाथ मारली, तिच्याच शांततेच्या अर्जाची फाईल काढली आणि तिच्या नाकासमोर झटकली. फाईल बऱ्याच दिवसांत कुणी हलवलेली नव्हती. शिंक आली, आणि धाकटीने सवयीने ती अर्ध्यावरच दाबली. 'फ्छिक्.'

तंतोतंत तीच. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माझा ऊर भरून आला. वाटलं, सुटली पोर. पशुवैद्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे साथ माणसांत शिरली."

पुढची कार्यवाही झटपट झाली. पक्ष्यापासून माणसाला संसर्ग झाल्याची ही पहिलीच घटना, त्यामुळे आरोग्य शाखेचं मनुष्यबळ दुप्पट झालं. धाकटीला भरपगारी विश्रांती आणि घळीत जायला मनाई. मनाईचं प्रसिद्धिपत्रक मीच काढलं. मजकूर चांगला उतरला होता.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. आई तिच्या केसांतल्या काटक्या काढत होती.

"दादा, तुला तर माहीत होतं," ती म्हणाली. "तू तरी बोलायचंस."

"अगं, मी प्रसिद्धी अधिकारी. माहीत असणं माझ्या कामात बसत नाही."

"तिकडे घरटं आहे रे. भोंगे ऐकून म्हातारा गप्प झालाय. मादी कशीबशी बसलीय अजून."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. काटक्या मात्र एकेक करून माझ्या ताटाशेजारी ठेवल्या. मला फार वाईट वाटलं. (ही भावना मी कार्यालयीन वेळेनंतर व्यक्त केली आहे.)

पुढे काय झालं ते कक्षाच्या दप्तरात नाही, कारण धाकटी विश्रांतीच्या काळात कुठे होती याची कक्षाला कल्पना नाही. मला आहे. ती घळीतच होती. म्हातारा नर त्या हंगामात पुन्हा गायला नाही आणि पावसाळा सरल्यावर दिसलाही नाही. पण घरट्यातून एक पिल्लू निघालं होतं. नर होता. पुढच्या हंगामाच्या तोंडाशी तिचा मला फोन आला. "दादा, उद्या पहाटे ये. एकटा ये. फोन घरी ठेवून ये."

मी गेलो. आम्ही दोघं ओढ्याकाठच्या दगडाआड बसलो. लहानपणी लपाछपीत बसायचो तसे, गुडघे पोटाशी घेऊन. समोर फांदीवर ते पिल्लू, आता चांगलं थोराड झालेलं, गळ्याचा विटकरी पट्टा कोरा करकरीत. त्याने मान वर केली आणि गायला सुरुवात केली. तेच गाणं. सगळं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माझ्या अंगावर काटा आला. गाणं संपलं आणि 'फ्छिक्' झालं.

मी वळून धाकटीकडे पाहिलं. तिने नाकातोंडावर रुमाल घट्ट धरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मी नाही शिंकले, दादा," ती पुटपुटली. "तो शिंकला."

बाप गप्प होता. मग भोंगे आणि फोन जे शिकवत होते ते तो शिकला, शेवटपर्यंत नीट, काही न गाळता. आमच्या गणनेत बसेल असा जंगलातला तो पहिला पक्षी. मला हसावं की रडावं ते कळेना. धाकटी दोन्ही करत होती. "येऊ दे शिंक," ती म्हणाली, "मादीला चालत असेल तर मला काय. पलीकडे एक आहे. कालपासून ऐकतेय ती. बस, आज कुणी मध्ये बोलायला नको."

तो पुन्हा गायला, शिंकला आणि मान तिरपी करून उत्तराची वाट बघू लागला. उत्तर आलं. विश्रामगृहाच्या गच्चीवरून, खणखणीत, शिंकेसकट. पिल्लू चवताळून पार उघड्या फांदीवर गेलं. गच्चीवर आनंदीआनंद झाला. "आला बघ, आला बघ बाहेर! काढ, काढ लवकर!" असं कुणीतरी म्हणालं. तो गायला, गच्चीवरून पुन्हा उत्तर आलं. पुन्हा गायला, पुन्हा आलं. मग तो गप्प झाला. थोडा वेळ इकडेतिकडे बघत बसला, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला, पुलाच्याही पलीकडे उडून गेला. धाकटी दुपारपर्यंत त्याच दगडाआड बसून राहिली. तो आला नाही.

वाचकहो, इथवर येईपर्यंत तुम्ही आमच्या कक्षाला मनोमन पुष्कळ नावं ठेवली असतील. निळ्या पक्ष्याला हसला असाल, वाफाऱ्याला कपाळावर हात मारला असेल. आम्ही ते नम्रपणे स्वीकारतो. टीका हे आमचं रोजचंच खाद्य. गच्चीवर त्या दिवशी कोण होतं याची चौकशीही आम्ही केली नाही, आणि ते तुम्हीच होतात असा माझा आरोप नाही. इतकंच सांगतो, की तो फोटो मला दुसऱ्या दिवशी तुमच्याकडूनच आला. उघडी फांदी, चवताळलेला कोवळा नर, गळ्याचा पट्टा अगदी स्पष्ट. खाली तुम्ही लिहिलं होतं, 'किती गोड! याला वाचवायलाच हवं. पुढे पाठवा.' फोटो खरोखर छान आहे. आम्ही तो भिंतीवरच्या चित्राशेजारी लावला आहे.

धाकटीने तो पाहिला. ती रागावली नाही. इतकंच म्हणाली, की तिने शांतता चुकीच्या टेबलावर मागितली. आमच्याकडे ती नव्हतीच. आम्ही फार तर फलक देऊ शकत होतो. ती तुमच्याकडे होती, आणि कुणाच्याही सहीची गरज नव्हती. तुमच्या फोनच्या कडेला, अंगठ्याशी, एक बारीकसं बटण असतं.